वणव्याचं बिल कोणाच्या नावावर? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या आगींत १६ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. आग विझायच्या आधीच पैशावरून राजकीय भांडण पेटलं होतं. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बातम्यांत कधी गव्हर्नरच्या नावाने खडे फोडतात, कधी राष्ट्राध्यक्षांच्या. वणवा विझवायचा खर्च मुळात असतो कोणाचा?

जमीन कोणाची, हे आधी पाहायचं. कॅलिफोर्नियातलं साधारण ५७ टक्के जंगल केंद्र सरकारच्या मालकीचं आहे आणि ४० टक्के खासगी. राज्य आणि स्थानिक संस्थांकडे जेमतेम ३ टक्के उरतं. पण मालकी आणि जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी जंगलं, कुरणं आणि झुडपी डोंगर वणव्यापासून वाचवायचं काम कायद्याने राज्याकडे आहे. या भागाला 'राज्य जबाबदारी क्षेत्र' म्हणतात. त्याचा विस्तार सुमारे ३ कोटी १० लाख एकर असून तिथे कॅल फायर हे राज्याचं दल उतरतं. राष्ट्रीय वनांत केंद्राची फॉरेस्ट सर्व्हिस असते आणि शहराच्या हद्दीत शहराचं अग्निशमन दल.

दोन्ही पक्षांची अर्धसत्यं इथूनच निघतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जळालं आणि 'कॅम्प फायर' नावाच्या त्या आगीत ८५ माणसं गेली. ट्रम्प यांनी लगेच राज्याच्या वनव्यवस्थापनावर खापर फोडलं. डेमोक्रॅट्सनी उलट ऐकवलं, की बहुतेक जंगल तुमच्याच ताब्यात आहे. ५७ टक्क्यांचा आकडा बरोबर होता, पण त्या आगीला तो लागू पडत नव्हता. आग वीजवाहिनीतून सुरू झाली आणि गावावर चालून आली ती मुख्यतः खासगी जमिनीवरून.

मोठी आग हद्द ओलांडते तेव्हा केंद्र, राज्य आणि काउंटी यांच्यात खर्चवाटपाचा लेखी करार होतो, शक्यतो पहिल्या काही दिवसांतच. वाटपाच्या तीन पद्धती रूढ आहेत : जळालेल्या एकरांच्या प्रमाणात, प्रत्यक्ष लावलेल्या माणसं-यंत्रांच्या प्रमाणात, किंवा 'ज्याने मागवलं त्याने भरावं'. खरी ओढाताण पहिल्या दोन पद्धतींत असते. समजा, केंद्राच्या निर्मनुष्य डोंगरात २० हजार एकर जळाले आणि तिथे चार तुकड्या नुसत्या नजर ठेवून होत्या. खाली वस्तीलगत ५०० एकर जळाले, पण सगळी हेलिकॉप्टरं, बुलडोझर आणि बंब तिथेच राबले. एकरांनी वाटप केलं तर जवळजवळ सगळं बिल केंद्राच्या गळ्यात पडतं आणि कष्टांनी केलं तर राज्याच्या. म्हणून हा करार कोणत्या दिवशी आणि कोणत्या नकाशावर झाला, याला फार महत्त्व असतं. राजकारणी यावर कधी बोलत नाहीत, कारण त्यात भाषणासारखं काही नाही.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षाच्या मनात आलं तर तो विरोधी पक्षाच्या राज्याचे आगीचे पैसे खरंच अडवू शकतो का?

कोणते पैसे, ते पाहावं लागेल. केंद्राची आपत्ती संस्था फेमा हिच्याकडून वणव्यासाठी दोन वेगळ्या वाटांनी पैसा येतो आणि बातम्यांत या दोन वाटांचा हमखास घोळ होतो.

पहिली वाट फायर मॅनेजमेंट असिस्टन्स ग्रँटची. बोलताना सगळे एफमॅग म्हणतात. आग बेकाबू जळत असतानाच राज्याने फोनवरून मागणी करायची. निर्णय फेमाचा प्रादेशिक अधिकारी घेतो, तोही काही तासांत, मध्यरात्रीसुद्धा. तो चार गोष्टी पाहतो : माणसांना आणि बांधलेल्या मालमत्तेला धोका किती, राज्याकडे आणि स्थानिक दलांकडे साधनं किती उरली आहेत, हवामान आणि वाळलेपण कसं आहे, आर्थिक फटका केवढा बसेल. मंजुरी मिळाली की विझवण्याच्या पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र उचलतं. फाइल व्हाइट हाउसपर्यंत जातच नाही, त्यामुळे इथे पक्ष आडवा येत नाही. मात्र यातून घर जळालेल्या माणसाला थेट एक डॉलरही मिळत नाही.

दुसरी वाट 'मोठी आपत्ती' जाहीर होण्याची. इथे सही फक्त राष्ट्राध्यक्षाची. गव्हर्नरने साधारण ३० दिवसांत विनंती करायची, फेमा आणि राज्याने मिळून नुकसानीची पाहणी करायची, मग अहवाल वर जातो. सार्वजनिक नुकसानीसाठी राज्याच्या दरडोई एक ठरावीक रकमेचा निकष आहे. २०२५ च्या आर्थिक वर्षात ती रक्कम १ डॉलर ८९ सेंट होती. म्हणजे कॅलिफोर्नियासारख्या चार कोटींच्या घरातल्या राज्याला साडेसात कोटी डॉलरच्या आसपास नुकसान दाखवावं लागतं. पण हा निकष राष्ट्राध्यक्षाला बांधत नाही. तो बसला तरी नकार येऊ शकतो, आणि उत्तर कधी द्यायचं याला कायद्यात मुदतच नाही. राजकारणाला वाव मिळतो तो इथे.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातलं मॉल्डन हे सुमारे दोनशे वस्तीचं गाव ७ सप्टेंबर २०२० ला जळालं. बहुतेक घरं, पोस्ट ऑफिस, नगरपालिका, एवढंच काय, बंब ठेवायची इमारतसुद्धा गेली. डेमोक्रॅट गव्हर्नर जे इन्सली यांनी त्याच महिन्यात विनंती पाठवली. ट्रम्प यांचं त्यांच्याशी जाहीर वितुष्ट होतं आणि विनंती महिनोन् महिने पडून राहिली. गाव रिपब्लिकन पट्ट्यातलं, तिथल्या रिपब्लिकन खासदार कॅथी मॅकमॉरिस रॉजर्स यांनीही पाठपुरावा केला, तरी उपयोग झाला नाही. सही झाली ४ फेब्रुवारी २०२१ ला, बायडेन आल्यावर. गव्हर्नरवरचा राग त्याला मत न देणाऱ्या गावावर निघाला.

२०२० च्याच ऑक्टोबरमध्ये क्रीक फायरसह सहा आगींसाठी कॅलिफोर्नियाने केलेली विनंती आधी फेटाळली गेली. गव्हर्नर न्यूसम आणि प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते केविन मॅकार्थी यांचे फोन गेल्यावर ती लगेच मंजूर झाली. मॅकार्थी कॅलिफोर्नियाचेच.

लॉस एंजेलिसच्या वेळी वेळापत्रक उलटं जुळलं. बायडेन यांचे शेवटचे दिवस होते. ७ जानेवारीला आग लागली, ८ ला आपत्ती जाहीर झाली आणि पाठोपाठ तातडीच्या कामांचा पूर्ण खर्च १८० दिवस केंद्र देईल असंही ठरलं. त्यामुळे ट्रम्प यांनी नंतर घातलेल्या शर्ती, म्हणजे मतदार ओळखपत्राची अट घाला, पाण्याचं धोरण बदला, या विझवण्याच्या पैशाला लागू होत नव्हत्या. त्या होत्या पुनर्बांधणीसाठी न्यूसम यांनी मागितलेल्या सुमारे ४० अब्ज डॉलरला. अशा पैशासाठी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागतो, आणि तिथे अडवणूक करायला राष्ट्राध्यक्षाची गरजही नसते.

प्रश्न : ७५ टक्के परत मिळतात म्हणता, मग छोटी अग्निशमन दलं वर्ष-वर्ष पैशासाठी का ताटकळतात? मी लेखापरीक्षणात आहे, म्हणून तपशिलात सांगा.

कारण परतावा आगीवर मिळत नाही, कागदावर मिळतो.

सुरुवात रिसोर्स ऑर्डरपासून. प्रत्येक बंब, तुकडी आणि हेलिकॉप्टर यांना नियंत्रण कक्षातून मागणी क्रमांक पडतो. ओळखीच्या प्रमुखाचा फोन आला म्हणून बंब निघाला आणि क्रमांक दुसऱ्या दिवशी पडला, तर मधले तास बहुधा बुडीत. रोजच्या पाळीला यंत्रासाठी ओएफ-२९७ ही शिफ्ट तिकीट आणि माणसांसाठी एसएफ-२६१ हा हजेरीचा तक्ता भरायचा. त्यावर सुरू-बंद वेळ, आगीचं नाव, आगीचा क्रमांक आणि घटनास्थळावरच्या पर्यवेक्षकाची सही लागते. सोळा तास धूर खाऊन आलेला माणूस रात्री गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हे भरतो. वेळेच्या रकान्यात नुसतं 'दिवसभर' लिहिलेलं सापडतं. दोन आगी एकत्र करून त्यांना नवं नाव दिलेलं असतं आणि तिकिटावर जुनंच राहतं. पर्यवेक्षक एव्हाना दुसऱ्या राज्यातल्या आगीवर गेलेला असतो. सहा महिन्यांनी ती सही मिळवताना कारकुनाचा जीव जातो.

पात्रतेचे नियमही चांगलेच कडक आहेत. कायम कर्मचाऱ्यांचा नेहमीचा पगार एफमॅगमध्ये धरत नाहीत, जादा कामाचे तास धरतात. स्वतःच्या यंत्रांना फेमाच्या दरपत्रकाप्रमाणे ताशी दर मिळतो, पण यंत्र प्रत्यक्ष चाललं त्या वेळेचाच. आगीनंतर धूप थांबवणं किंवा जळकी झाडं उचलणं यात बसत नाही. मदतीला आलेल्या शेजारच्या दलाचं बिल चालतं, पण परस्पर मदतीचा करार लेखी हवा आणि त्यात 'केंद्राचे पैसे आले तरच आम्ही आकारू' असं कलम नको. ते असलं की फेमा म्हणते, एरवी फुकटच करणार होतात ना! कॅलिफोर्नियाच्या सहाय्य करारात आणखी एक मेख आहे. १२ तासांच्या आतली मदत फुकट, त्यापुढे गेली तर निघाल्या वेळेपासूनचं सगळं मिळतं. साडेअकरा तासांनी परत पाठवलेल्या बंबाच्या प्रमुखाला काय वाटतं, ते विचारू नका.

क्रम असा : राज्याने मंजुरीनंतर ९ महिन्यांत अर्ज भरायचा, दलांची बिलं गोळा करायची, केंद्राच्या जमिनीवरचा खर्च वेगळा काढायचा (त्याचा परतावा फॉरेस्ट सर्व्हिसकडून येतो, दोन्हीकडून मागितला तर तपासणीत अडकतो) आणि मग पैसा झिरपत खाली यायचा. तोवर स्वयंसेवी दलाने डिझेल, टायर आणि जादा तासांचे पैसे पदरचे घातलेले असतात.

प्रश्न : न्यूसम यांनी आगीच्या आधीच अग्निशमनाचे दहा कोटी डॉलर कापले, असं रिपब्लिकन म्हणतात. न्यूसम म्हणतात, आम्ही तरतूद दुप्पट केली. खोटं कोण बोलतंय?

आकडे दोन्ही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या खात्यांतले. कॅल फायरची नियमित तरतूद २०१९ च्या सुमाराला २ अब्ज डॉलरच्या घरात होती, ती २०२४-२५ मध्ये ३.८ अब्जांच्या आसपास गेली. न्यूसम हा आकडा दाखवतात. कात्री लागली ती एकरकमी निधीला. तेजीच्या वर्षांत राज्याने जंगल विरळ करणं, नियंत्रित जाळणी आणि घरं आगीला टिकतील अशी करणं, यासाठी काही वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर जाहीर केले होते. २०२४ मध्ये तूट आल्यावर त्यातले सुमारे १० कोटी कमी केले. रिपब्लिकन हा आकडा दाखवतात.

आणि प्रत्यक्ष मोठी आग विझवण्याचा पैसा या दोन्हींत नाही. त्यासाठी स्वतंत्र आपत्कालीन निधी आहे. त्यात वर्षाचा अंदाज धरून रक्कम ठेवतात आणि खर्च वाढला की वित्त विभाग ती वाढवतो, दर वेळी विधिमंडळाच्या मताची वाट न पाहता. त्यामुळे 'पैसे कापले म्हणून विमान आलं नाही' असं होत नाही. लॉस एंजेलिसला त्या पहिल्या रात्री विमानं आली नाहीत ती वाऱ्यामुळे. शहराच्या अग्निशमन दलाच्या अंदाजपत्रकाचं भांडण आणखी निराळं, ते महापौरांशी होतं.

विझवण्याच्या पैशाला हात लावायची हिंमत कोणी करत नाही. कापला जातो तो आग लागू नये म्हणून ठेवलेला पैसा, कारण त्या वर्षी त्याची उणीव कोणाला दिसत नाही. केंद्रातही हेच झालं. १९९५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या अंदाजपत्रकातला १६ टक्के भाग आगींवर जायचा, २०१५ मध्ये निम्म्याहून जास्त. ऑगस्टमध्ये आगीचं खातं रिकामं झालं की जंगल विरळ करण्याचे पैसे तिकडे वळवायचे आणि पुढच्या वर्षी विरळ न केलेलं जंगल आणखी जोरात जळायचं. मार्च २०१८ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून यावर तोडगा काढला : नेहमीच्या खर्चमर्यादेबाहेर वेगळा आगनिधी, २०२० मध्ये २.२५ अब्ज डॉलर आणि वाढत वाढत २०२७ मध्ये २.९५ अब्ज. ही सोय २०२७ पर्यंतचीच आहे, म्हणजे पुढचा वाद आत्ताच दिसतो आहे.

प्रश्न : ट्रम्प यांनी धरणाचं पाणी सोडून लॉस एंजेलिसला मदत केली, हे खरं का?

नाही. जानेवारी २०२५ अखेरीस लष्कराच्या अभियंता दलाने पाणी सोडलं ते सॅन वाकीन खोऱ्यातल्या काविया आणि सक्सेस या जलाशयांतून, सुमारे २.२ अब्ज गॅलन. तिथून लॉस एंजेलिसकडे वाहत जायला वाटच नाही, मध्ये डोंगर आहेत. शेतकऱ्यांनी उन्हाळ्यासाठी राखलेलं पाणी मात्र हिवाळ्यात गेलं, आणि तो शेतकरी बहुतांशी रिपब्लिकन मतदार.

प्रश्न : म्हणजे डेमोक्रॅट पैसे देतात आणि रिपब्लिकन अडवतात, एवढंच समजायचं का?

तसं समजलात तर निम्मी उदाहरणं बसणार नाहीत. भांडण 'द्यायचे की नाही' यावर क्वचितच होतं. होतं ते 'कोणाच्या खिशातून' यावर.

कॅलिफोर्नियाची घर-पट्टी हे सगळ्यांत बोलकं प्रकरण. २०११ मध्ये राज्याची तिजोरी आटली होती. डेमोक्रॅट बहुमताने कायदा केला, की राज्य जबाबदारी क्षेत्रातल्या प्रत्येक राहत्या इमारतीवर वर्षाला १५० डॉलरपर्यंत शुल्क घ्यायचं आणि तिथे स्थानिक अग्निशमन जिल्ह्याचा कर आधीच भरत असेल तर ३५ डॉलर सूट द्यायची. आठ लाखांहून अधिक मालमत्ताधारकांना बिलं गेली. पुढे महागाईप्रमाणे ती १५२ डॉलर ३३ सेंटवर पोहोचली. तर्क सरळ होता : जंगलात घर बांधता, तर त्याचा भार थोडा तुम्ही उचला. विरोधही बिनबुडाचा नव्हता. हे शुल्क कायद्याने फक्त प्रतिबंधासाठी होतं, त्यातून बंब येणार नव्हता. शिवाय प्रतिबंधाची काही आधीचीच कामं सर्वसाधारण निधीतून उचलून या शुल्कावर टाकली गेली. त्यामुळे ग्रामीण घरमालकाला वाटलं, माझं बिल वाढलं आणि सेवा तेवढीच राहिली. रिपब्लिकनांचा कायदेशीर मुद्दा असा, की हा कर आहे आणि कराला दोनतृतीयांश मतं लागतात. करदात्यांच्या एका संघटनेने खटला भरला.

सुटका झाली ती भलत्याच वाटेने. २०१७ मध्ये गव्हर्नर ब्राउन यांना कार्बन-लिलावाची, म्हणजे उद्योगांना कार्बन सोडायचे परवाने लिलावाने विकायची योजना २०३० पर्यंत न्यायची होती आणि दोनतृतीयांश मतं हवी होती. सौद्यात हे शुल्क १ जुलै २०१७ पासून स्थगित झालं आणि त्याची जागा लिलावाच्या पैशाने घेतली. आठ रिपब्लिकन आमदारांनी पाठिंबा दिला. विधानसभेतले त्यांचे नेते चॅड मेझ यांना त्यापायी नेतेपद सोडावं लागलं, पुढे त्यांनी पक्षही सोडला. त्यांच्याच ग्रामीण मतदारांचं बिल त्यांनी माफ करून आणलं होतं!

आता उलटा पत्ता. २०२२ मध्ये प्रस्ताव ३० मतदानाला आला : २० लाख डॉलरवरच्या वैयक्तिक उत्पन्नावर १.७५ टक्के जादा कर, त्यातला पाचवा हिस्सा वणव्यांसाठी, बाकीचा विजेवरच्या गाड्यांसाठी. डेमोक्रॅटिक पक्ष बाजूने होता. विरोधात रिपब्लिकन, शिक्षक संघटना आणि खुद्द डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम. सुमारे ५८ टक्के मतांनी तो पडला.

ओरेगनमध्ये २०२४ साली १९ लाख एकर जळाले, तो तिथला उच्चांक. ठेकेदारांची बिलं भागवायला १२ डिसेंबरला खास अधिवेशन घेऊन २१ कोटी ८० लाख डॉलर मंजूर करावे लागले. या राज्यात 'किकर' नावाचा नियम आहे. महसूल अंदाजापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त झाला की वरचा सगळा पैसा करदात्यांना परत द्यायचा, आणि हे राज्यघटनेतच आहे. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन सिनेटर यांनी मिळून सुचवलं, की एकदाच किकर राखून वणव्यांचा कायम निधी करू. त्याला दोनतृतीयांश मतं लागणार होती, आणि आपल्या मतदाराचा परतावा थांबवला हे सांगायला कोण तयार होणार? शेवटी २०२५ मध्ये ठरलं ते असं : ओठाखाली ठेवायच्या निकोटीन पुड्यांच्या २० च्या डबीवर ६५ सेंट कर, आणि राखीव निधीच्या व्याजातला एक भाग. लाखो एकरांच्या आगी आणि निकोटीनच्या डब्या यांचा संबंध काय? काही नाही. त्या कराला विरोध कमी होता, इतकंच.

वॉशिंग्टन राज्यात २०२१ साली वणव्यांसाठी दर दोन वर्षांना १२.५ कोटी डॉलर देणारा कायदा विरोधात एकही मत न पडता झाला. २०२५ मध्ये तूट आली तेव्हा ती रक्कम साधारण निम्म्यावर आणली गेली. विधिमंडळ, गव्हर्नर आणि जंगल-जमिनींचे आयुक्त सगळे डेमोक्रॅट, आणि कपातीवर जाहीर नाराजी दाखवणारेही ते आयुक्तच.

रिपब्लिकन बाजूला टेक्सास पाहा. २०११ मध्ये विधिमंडळाने राज्याच्या वनसेवेची तरतूद जवळपास एकतृतीयांशाने घटवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅस्ट्रॉपला १,६०० हून अधिक घरं जळाली. मोंटानात २०१७ साली महसूल कमी पडला तर आगनिधीतून ३ कोटी डॉलर काढायचे, अशी तरतूद झाली होती. महसूल पडला, पैसे काढले आणि पाठोपाठ भीषण उन्हाळा आला. डेमोक्रॅट गव्हर्नर आणि रिपब्लिकन विधिमंडळ नोव्हेंबरच्या खास अधिवेशनात एकमेकांकडे बोट दाखवत बसले. या उलट ॲरिझोनात जून २०२१ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरने बोलावलेल्या अधिवेशनात सुमारे १० कोटी डॉलर दोन्ही पक्षांच्या मतांनी काही दिवसांत मंजूर झाले. आग तेव्हा जळत होती.

प्रश्न : प्रत्यक्ष आग विझवणाऱ्यांच्या पगाराचं काय? तिथेही पक्ष येतात का?

येतात, पण कमी. केंद्राच्या जवानांना २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने मूळ पगाराच्या ५० टक्के किंवा २० हजार डॉलर, यातली कमी असेल ती तात्पुरती वाढ मिळाली. ती दर थोड्या महिन्यांनी संपायच्या बेतात असायची आणि अनुभवी लोक राज्याच्या किंवा वीज कंपन्यांच्या नोकऱ्यांत निघून जायचे. मार्च २०२५ मध्ये कायमची वेतनश्रेणी झाली, त्यात खालच्या पायऱ्यांना वाढ जास्त आहे. मात्र त्याच्या महिनाभर आधी फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या हजारो परिविक्षाधीन लोकांना घरी पाठवलं होतं. त्यांच्या हुद्द्यात 'अग्निशमन' हा शब्द नव्हता, पण अनेकांकडे आगीवर काम करायचा परवाना, म्हणजे रेड कार्ड होतं. उन्हाळ्यात तेच पंप, नकाशे आणि रसद सांभाळतात. पुढे बऱ्याच जणांना परत घ्यावं लागलं.

कॅलिफोर्नियातल्या कैदी तुकड्यांना दिवसाला ५ डॉलर ८० सेंट ते १० डॉलर २४ सेंट मिळत. ऑक्टोबर २०२५ च्या कायद्याने आगीवर असताना तासाला ७ डॉलर २५ सेंट ठरले, आणि त्याला दोन्ही पक्षांची मतं होती.

प्रश्न : मुलगी-जावई कॅलिफोर्नियात सिएरा पर्वताच्या पायथ्याशी घर घेत आहेत. या सगळ्या वादाचा त्यांच्यावर काय परिणाम? काय तपासायला सांगू?

पहिलं, जागा कोणत्या जबाबदारी क्षेत्रात येते, ते कॅल फायरच्या नकाशावर पत्ता टाकून पाहायला सांगा : राज्य, स्थानिक की केंद्र. तिथेच धोक्याची श्रेणी दिसते. राज्य क्षेत्राचे नवे नकाशे एप्रिल २०२४ पासून लागू आहेत, स्थानिक क्षेत्राचे २०२५ च्या सुरुवातीला आले. स्थगित शुल्काचं बिल सध्या येणार नाही, पण २०१७ च्या सौद्यात त्या स्थगितीची मुदत २०३१ पर्यंतच होती. तेव्हा तो खर्च कायमचा गेला असं धरून चालू नका.

दुसरं, उच्च किंवा अतिउच्च श्रेणीतलं घर असेल तर विकणाऱ्याने घराभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याच्या तपासणीचा कागद द्यावा लागतो. जुलै २०२१ पासूनचा हा नियम आहे. 'व्यवहारानंतर करून घेऊ' अशी पळवाटही त्यात आहे, आणि मग ती जबाबदारी तुमच्या मुलीवर येते. सौदा ठरण्याआधीच कागद मागावा.

तिसरं, घराभोवती १०० फूट, किंवा स्वतःची हद्द संपेपर्यंत, झाडोरा आटोक्यात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या ३० फुटांत वाळकं गवत, पाचोळा आणि सरपणाची रास नको. भिंतीलगतच्या ५ फुटांत काहीच जळण्यासारखं नको, लाकडी सालींचं आच्छादनही नको आणि भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपणही नको. या ५ फुटांच्या नियमाचा कायदा २०२० चा आहे, पण तपशीलवार नियमावली वर्षानुवर्षं रखडली. झुडपं काढायला लावणं कोणत्याच पक्षाला जड जातं. तरीही ते काम आधी करावं, कारण घरं बहुतेक वेळा ज्वाळेने नाही तर उडत्या निखाऱ्यांनी पेटतात. पोटमाळ्याच्या झरोक्यांना जास्तीत जास्त एक अष्टमांश इंच छिद्राची धातूची जाळी हवी. जुन्या घरांत पाव इंचाची सापडते आणि त्यातून निखारा आत जातो. पन्हळीतली पानं आगीच्या मोसमाआधी आणि मोसमात पुन्हा काढायची.

चौथं, विमा. इसार देण्याआधी विम्याचा दर लेखी घ्यायचा. नेहमीच्या कंपन्यांनी नकार दिला तर फेअर प्लॅन उरतो. तो सरकारी नाही, राज्यातल्या विमा कंपन्यांनी मिळून चालवलेला आहे. त्यात घराला ३० लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं, पण ते मुख्यतः आगीचं. चोरी, पाणीगळती आणि दायित्व यांसाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. २०२२ च्या राज्य नियमाप्रमाणे घर आगीला टिकेल असं केलं तर कंपनीने हप्त्यात सूट द्यावी लागते. जाळी, छप्पर आणि ५ फुटांचा पट्टा यांचे तारखेसह फोटो आणि पावत्या ठेवून दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ती सूट मागायची.